विष नसलेल्या घरातलं दार



आजचा विषय वाचून काही जणी हसतील. दशलक्षण पर्व तोंडावर आलंय आणि ही बाई कपाटाच्या मॅग्नेटवर लिहितेय! पण गेल्या वर्षी पर्वातच आमच्या घरी एक प्रसंग घडला. तेव्हापासून हे मनात घोळत आहे आणि आज लिहूनच टाकते.

स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटांना आतून जे छोटं चुंबक बसवलेलं असतं, त्याला आपण सगळ्या ‘मॅग्नेट’च म्हणतो. दाराला लोखंडी पट्टी, आत प्लास्टिकची डबी, दार जवळ आलं की टक् करून चिकटतं. कडी नको, कोयंडा नको. दोन-तीन वर्षं बरं चालतं. मग एखाद्या पावसाळ्यात ती डबी हलायला लागते, दार बोटभर उघडं राहायला लागतं, आणि आपण ते गुडघ्याने नाहीतर पायाने ढकलून पुढच्या कामाला लागतो.

मीही तेच करत होते. आषाढात ढिलं झालेलं दार भाद्रपदापर्यंत तसंच होतं. त्या दिवशी उत्तम आर्जव होता, पर्वाचा तिसरा दिवस. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं जेवण व्हायचं म्हणून माझी घाई चाललेली. डब्यातून डाळ काढली, दार पायाने आपटलं, लागलं नाही म्हणून पुन्हा जोरात आपटलं. बिजागरीच्या बाजूच्या फटीत एक लहानशी पाल होती. पुढचं सांगत नाही.

सासूबाई उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या आधी काहीच बोलल्या नाहीत, हळू आवाजात णमोकार म्हणत राहिल्या. रात्री सामायिक झाल्यावर मी त्यांना म्हटलं, “आई, मला खरंच दिसली नाही हो ती.” त्या म्हणाल्या, “सूनबाई, पाल दिसली नाही हे खरं. पण दार नीट लागत नाही हे तर दीड महिना दिसत होतं ना?”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकलोय की आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पुढे ठेवलं आहे. जीव गेला एवढ्यावर ते थांबत नाहीत. बेसावधपणातून प्राणघात होतो ती हिंसा, असं ते सांगतात. माझ्या मनात पालीबद्दल राग नव्हता, द्वेष नव्हता. पण बेसावधपणा होता, आणि तोही एका क्षणाचा नव्हता. दीड महिना रोज थोडा थोडा साठवलेला होता.

आता माझं म्हणणं सांगते. इतर घरांत झुरळं झाली की फवारा मारतात, उंदीर झाले की औषधाच्या गोळ्या टाकतात. ते बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. आपल्या घरात ते चालत नाही. म्हणजे धान्यात, पिठात, भांड्यांत जीव शिरू नयेत आणि शिरून मरू नयेत, यासाठी आपल्या हातात फक्त दोनच गोष्टी आहेत: स्वच्छता आणि नीट लागणारं दार. ज्या घरात विष नाही, त्या घराचं दार नीट लागलंच पाहिजे. म्हणून ढिलं मॅग्नेट ही सुतार कधीतरी येईल तेव्हा बघायची गोष्ट नाही. आपल्यासाठी ती पाणी गाळण्याच्या छन्न्याइतकीच रोजची गोष्ट आहे. छन्ना फाटला तर आपण महिनाभर तसाच वापरतो का?

आणि हे दुखणं वर येतं नेमकं चातुर्मासात. पावसात प्लाय आणि भुशाचा बोर्ड ओल पितो, फुगतो, स्क्रूची भोकं सैल होतात. त्याच दिवसांत बाहेर जीवांची उत्पत्ती सर्वांत जास्त असते. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस सांगितली आहे ती याचसाठी. पीठ तिसऱ्या दिवशी संपवायचं एवढं आपण काटेकोर पाळतो, आणि ज्या कपाटात तो डबा ठेवतो त्याचं दार मात्र रात्रभर बोटभर उघडं! आमचं देऊळघाट पैनगंगेच्या काठचं गाव. पाऊस सुरू झाला की काय काय आसऱ्याला येतं ते इथल्या बायकांना सांगायला नको.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो, तो म्हणजे ‘चुंबक गेलं, नवीन लावा’. आमच्याकडेही झाला. मिस्त्री आले, म्हणाले, “ताई, याच्यात दम नाही राहिला, जोरदारवालं लावून देतो.” लावलं. दोन आठवडेही टिकलं नाही. यात त्यांना दोष देत नाही. आम्हीच ‘चुंबक बदला’ म्हणून बोलावलं होतं, त्यांनी चुंबक बदललं. दुखणं कुठे आहे हे कोणी पाहिलंच नाही.

त्या प्रसंगानंतर मी स्वतः पेचकस हातात घेतला आणि ती डबी उघडून पाहिली. आत काळ्या रंगाचं खापरासारखं चुंबक असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोलादी पात्या. हे काळं चुंबक फेराइटचं. ते सहसा बिघडत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. जोर त्या दोन पात्यांच्या कडांवर येतो आणि दाराची पट्टी त्या दोन्ही कडांना सपाट टेकली तरच पकड बसते. मध्ये जाड कागदाएवढं अंतर राहिलं तरी पकड बरीच कमी होते. म्हणजे दहापैकी नऊ वेळा चुंबकाचा जोर तेवढाच असतो, पट्टी आणि डबी एकमेकांना नीट भेटत नाहीत एवढंच. शिवाय चुंबक जितकं जोरदार, तितका उघडताना पट्टीच्या स्क्रूला झटका जास्त. सैल भोकात जोरदार चुंबक लावणं म्हणजे हलणाऱ्या दाताने ऊस सोलणं.

मी जसं शिकले तसं क्रमाने सांगते. सगळं आपल्याला जमण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी चुंबकाला हात लावू नका, बिजागऱ्या पाहा. दार बंद करून समोर बसा आणि दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत बघा. फट वर रुंद आणि खाली अरुंद किंवा उलट दिसली, तर दार लोंबलं आहे. अशा वेळी पट्टी डबीच्या वर किंवा खाली आदळते आणि आपटून आपटून डबी ढिली होते. एका हाताने दार थोडं उचलून धरा आणि बिजागरीचे स्क्रू आवळा. आमच्या तीन कपाटांपैकी एक एवढ्यानेच बरं झालं.

मग पट्टी कुठे टेकते ते बघा. लोखंडी पट्टीला ओल्या हळदीचं बोट लावा, दार हळूच बंद करून उघडा. डबीच्या दोन्ही पात्यांवर पिवळा डाग आला तर ठीक. एकाच पातीवर आला किंवा प्लास्टिकवर आला तर पट्टी सरकवायला हवी. एक लक्षात ठेवा, बऱ्याच पट्ट्या मुद्दाम एकाच स्क्रूवर बसवतात आणि त्या थोड्या डुगडुगतात. तो दोष नाही. ती आपली आपण सपाट टेकावी म्हणून तेवढी मोकळी ठेवलेली असते. मी ती आधी घट्ट आवळून टाकली होती आणि दार आणखी बिघडलं!

डबीची भोकं लांबट असतात, ती डबी पुढे-मागे सरकवता यावी म्हणून. स्क्रू जरा सैल झाला की दर वेळी दार लावताना डबी थोडी थोडी मागे सरकते. म्हणून स्क्रू ढिले करा, डबी पुढे ओढा, दार बंद केल्यावर पट्टी तिला टेकेल अशी ठेवा आणि मग आवळा.

स्क्रू आवळताना नुसता गोल गोल फिरत असेल तर लाकडाने धरणं सोडलंय. इथे बायका मोठा खिळा ठोकतात. ते करू नका. खिळा झटक्याने बाहेर येतो, आणि हातोडीच्या धक्क्याने आतलं फेराइट खापरासारखं तडकतं. स्क्रू काढा, भोकातला भुसा झटका. काडेपेटीच्या दोन काड्यांची गुलाची टोकं मोडून टाका, काड्यांना फेविकॉल लावून त्या भोकात घट्ट बसवा. उदबत्तीची उरलेली बांबूची काडीही छान बसते. रात्रभर वाळू द्या, सकाळी वर आलेला भाग कापून तोच स्क्रू पुन्हा बसवा. स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा. बारीक टक् झालं की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा फिरवा आणि हातानेच आवळा. ड्रिल मशीनने आवळलं की भुशाच्या बोर्डातला आटा लगेच तुटतो.

बोर्ड ओल पिऊन फुगला असेल, बोटाने दाबल्यावर भुसा पडत असेल, तर काड्यांचा उपयोग होत नाही. तिथे डबी दोन बोटं वर किंवा खाली घ्या, जिथे बोर्ड कोरा आणि घट्ट आहे तिथे, आणि दारावरची पट्टीही तेवढीच सरकवा. किंवा आत प्लायचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर डबी बसवा. मोठा स्क्रू घ्यायचा मोह होईल, पण नेहमीचा प्लाय 18 मिलिमीटरचा असतो. दारातून स्क्रू आरपार गेला तर सनमायका फुटेल आणि हाताला टोचेल ते वेगळंच.

डबी स्क्रूऐवजी दुहेरी चिकटपट्टीवर लावलेली असेल, तर ओट्याजवळची तेलकट वाफ तिला फार दिवस टिकू देत नाही. जुनी पट्टी खरवडून काढा, साबणाच्या फडक्याने तेलाचा थर पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग नवी लावा. दार लगेच वापरू नका, एक दिवस जाऊ द्या. आणि आवाज होऊ नये म्हणून दाराच्या कोपऱ्यात रबराची बटणं लावतो ना, ती जाड असतील तर त्यांच्यामुळेही पट्टी टेकत नाही. आमच्याकडे मुलाने मोठ्या हौसेने लावलेली बटणंच एका दाराचं दुखणं निघाली.

शेवटचं कारण आपल्या मातीतलं आहे. लहानपणी नदीच्या वाळूत चुंबक फिरवून काळी कुसळं गोळा केली नाहीत अशी आपल्यात कोण आहे? आपला काळा पाषाण लोहयुक्त, त्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात, आणि तो झिजून झालेली धूळ घरभर येते. आपल्याच जिल्ह्यात लोणारच्या मोठ्या मारुतीची शिळा होकायंत्राची सुई हलवते असं सांगतात, ते ऐकलं असेलच. तीच काळी धूळ डबीच्या तोंडावर दाढीसारखी जमते आणि पट्टीला टेकू देत नाही. कापडाने पुसून ती निघत नाही, नुसती इकडून तिकडे सरकते. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचला, एका झटक्यात निघते. पण त्याआधी फुंकर घालून, मऊ पिसाने किंवा ब्रशने तिथे एखादी मुंगी नाही ना हे बघून घ्या.

एक इशाराही देते, कारण त्याचा संबंध जिवाशी आहे. हल्ली छोटी चकचकीत गोल चुंबकं मिळतात, निओडिमियमची. ही 1980च्या दशकात आली आणि नखाएवढी असली तरी फार जोरदार असतात. ज्या घरात रांगतं किंवा तोंडात घालणारं लेकरू आहे तिथे अशी चुंबकं चिकटवून लावू नका. निखळून पडलेली दोन चुंबकं मुलाने गिळली तर ती पोटात आतड्याच्या दोन घड्यांतून एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटीत सापडतं आणि त्याला भोक पडू शकतं. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा. केळं खाऊ घाल, एरंडेल दे, असले घरगुती उपाय इथे करायचे नाहीत.

आता काही जणींच्या मनातला प्रश्न. एवढ्याशा गोष्टीत धर्म कशाला आणायचा? स्क्रू आवळायचा तर आवळा, त्यात आचार्यांचं नाव कशाला?

मला वाटतं, धर्म मोठ्या गोष्टींत आणणं सोपं आहे. पूजा, उपवास, यात्रा ठरलेल्या दिवशी येतात, सगळे मिळून करतात, कोणी चुकलं तर आठवण करून देतात. अवघड आहे ते रोज पन्नास वेळा उघडणाऱ्या दाराचं. आपण मुनिराजांना आहार देताना पाहतो ना, कमंडलू ठेवण्याआधी ते पिच्छीने जागा मार्जन करतात, शास्त्र उचलतानाही तसंच. उचलताना आणि ठेवताना जपायचं, ही आदान-निक्षेपण समिती. आपण श्राविका, आपल्या हातात पिच्छी नाही. पण दार लावण्याआधी बिजागरीच्या फटीत एक नजर टाकायला पिच्छी लागत नाही. आणि दार हळूच लोटून लागणार असेल तरच ती नजर टाकता येते. जे दार आपटल्याशिवाय लागत नाही, ते रोज आपल्या हातून आपटण्याची सवय करून घेतं. मग नजर टाकायची सवयच जाते. म्हणून मी म्हणते, स्क्रू आवळणं हा यत्नाचाराचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप माझ्या नणंदेने घेतला होता. “वहिनी, त्यापेक्षा मॅग्नेट काढून पूर्वीसारखी कडीच लाव ना.” तिचं काही ठिकाणी बरोबर आहे. धान्याच्या कोठीला, खाली जमिनीलगतच्या दाराला, जिथे उंदराचा त्रास आहे तिथे, कडीच चांगली. मीही दोन दारांना लावली. पण ओट्याखालच्या ज्या दाराशी आपण दिवसभर येतो-जातो, तिथे एका हातात परात आणि दुसऱ्यात कढई असताना कडी कोण लावणार? ती उघडीच राहते. जे रोज पाळलं जाईल तेच साधन खरं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपण हे काम घरातल्या पुरुषांवर किंवा मिस्त्रींवर सोडून बसतो. ‘अहो, ते दार बघा ना’ असं आषाढात म्हणतो आणि भाद्रपदात पुन्हा म्हणतो. ते विसरतात, आपण रागावतो, दार तसंच. त्या घरातला आरंभ, म्हणजे चूल, दळण, झाडणं, पाणी, सगळं आपल्या हातून होतं. दारामागे मेलेल्या जिवाचा दोष नवऱ्याच्या विसराळूपणावर टाकून आलोचना पूर्ण होते का? माझी तरी झाली नाही. एक पेचकस, चार स्क्रू, फेविकॉलची छोटी बाटली हे सगळं आता माझ्या चमच्यांच्या खणात असतं. पहिल्यांदा हात थरथरले, स्क्रू दोनदा खाली पडला. तिसऱ्या दाराला दहा मिनिटंही लागली नाहीत.

आणि हो, दार ढिलं झालं म्हणून पूर्ण कपाट काढून नवं ‘मॉड्युलर’ बसवायला निघालेल्या मैत्रिणींना सांगते, थांबा. चांगल्या चालणाऱ्या लाकडाचा भंगार करून नवं लाकूड आणणं हाही परिग्रहच. आधी दोन काड्या आणि फेविकॉल करून बघा.

गेल्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागितली. त्या पालीची कशी मागायची हे कळेना. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “खामेमि मनात म्हण, आणि उरलेली दोन दारं उद्या बघून टाक.” दुसऱ्या दिवशी बघितली. त्यातलं एक अजून कुरकुरतं, पण लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईची वाट पाहू नका. आज रात्री भांडी घासून झाली की स्वयंपाकघरातलं प्रत्येक दार एका बोटाने लोटून बघा. जे एका बोटाने लागत नाही, त्याची चिठ्ठी लिहा आणि पर्व सुरू होण्याआधी ती चिठ्ठी कोरी करा. कोणाला आणखी एखादी युक्ती माहीत असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या वेळी पिठाच्या डब्यांच्या झाकणांबद्दल लिहीन, तेही दुखणं थोडंथोडकं नाही!

जय जिनेंद्र.